हयातीचा दाखला आणि सासूबाईंची सही

सासूबाई हयात आहेत हे बँकेला पटवून देण्यासाठी गेल्या हिवाळ्यात मला 63 दिवस लागले, आणि त्या दिवसांचा सल अजून मनातून गेलेला नाही. त्या 82 वर्षांच्या असून पाच वर्षांपासून त्यांना अल्झायमर आहे. सासरे रेल्वेत भुसावळला नोकरीला होते. त्यांच्या पश्चात सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि दिवसा त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशींचा पगार त्यातूनच दिला जातो. निदान, औषधे, न्हाणीघरातील आधाराचे दांडे, दाराला उंचावर बसवलेली कडी या गोष्टी यथावकाश झाल्या आणि त्यांत कोणी अडवले नाही. गाडी अडली ती निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्याव्या लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यापाशी.

आदल्या वर्षापर्यंत यंत्रावर अंगठा ठेवला की काम होत असे. या वेळी झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राने सहा वेळा नाकारला. मग मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागते. आम्ही ‘डोळे मिटा’ म्हटले की सासूबाई ते मिटूनच ठेवत, नाहीतर घाबरून माझ्याकडे पाहत. त्यांना शब्द ऐकू येत होते, परंतु त्या शब्दांप्रमाणे लगेच कृती करणे त्यांच्या आवाक्यातले राहिलेले नव्हते.

म्हणून 3 नोव्हेंबरला त्यांना रिक्षाने बँकेत नेले, आणि तेही दुपारी चार वाजता. ही चूक माझी होती. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांची अस्वस्थता दिवस कलताना वाढते. बाहेरचे कोणतेही काम सकाळीच करावे. खिडकीवरील कर्मचाऱ्याने अर्ज पुढे केला आणि सासूबाईंनी अगदी वळणदार अक्षरात सही केली, मात्र माहेरच्या नावाची. नाव विचारल्यावरही त्यांनी तेच सांगितले आणि ‘यांची ड्यूटी सुटायची वेळ झाली, मला घरी जाऊ द्या’ असे म्हणत त्या उठून उभ्या राहिल्या. सही जुळत नाही, नाव जुळत नाही, तेव्हा या त्याच बाई कशावरून, असा प्रश्न भरलेल्या शाखेत सर्वांसमक्ष विचारला गेला. आधार कार्ड आणि पासबुकावरील छायाचित्र मी समोर धरले होते, तरीही.

दुसऱ्या खेपेला सांगण्यात आले की त्यांना समज नसल्यामुळे न्यायालयाकडून पालकत्वाचा आदेश आणावा. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या टेबलावर मुखत्यारपत्र मागितले गेले. माझ्या यजमानांच्या नावे जुने मुखत्यारपत्र होते, परंतु वकिलांनी दाखवून दिले की 1872 च्या करार कायद्यातील कलम 201 प्रमाणे, ते करून देणाऱ्या व्यक्तीची मानसिक क्षमता गेली की तो अधिकारही संपतो. पालकत्वासाठी उच्च न्यायालयात याचिका करावी लागते, हेही त्यांच्याकडूनच कळले. वास्तविक आम्हाला खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार नको होता. एक व्यक्ती जिवंत आहे, एवढेच बँकेने डोळ्यांनी पाहून लिहायचे होते. खाते चालवणे आणि हयात असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे मी तीन टेबलांवर समजावून सांगितले आणि तिन्ही ठिकाणी ‘नियम आहे’ एवढेच उत्तर मिळाले. डिसेंबरचे निवृत्तिवेतन जमा झाले नाही. त्या महिन्यात रात्री अनेकदा उठावे लागे, आणि एकदा मी सासूबाईंवर ओरडले. ते आठवले की आजही वाईट वाटते.

वाट सापडली ती आमच्या भागात महिन्यातून एकदा भरणाऱ्या, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्या कुटुंबीयांच्या बैठकीत. तेथे येणाऱ्या बँकेतील एका निवृत्त ताईंनी सांगितले की रिझर्व्ह बँकेच्या 9 नोव्हेंबर 2017 च्या परिपत्रकानुसार 70 वर्षांवरील ज्येष्ठांचा आणि दीर्घ आजाराचे वैद्यकीय प्रमाणपत्र असलेल्यांचा हयातीचा दाखला घरी येऊन स्वीकारण्याची सोय बँकांनी करायची आहे. मी परिपत्रकाची प्रत आणि मेंदूविकारतज्ज्ञांचे प्रमाणपत्र जोडून शाखाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. तोंडी विनंत्यांत सात आठवडे गेले होते. लेखी अर्जाचे काम नऊ दिवसांत झाले. प्रमाणपत्रावर नुसते ‘वार्धक्य’ न लिहिता आजाराचे नाव लिहून घ्यावे.

5 जानेवारीला सकाळी अकरा वाजता एक अधिकारी घरी आले. त्यांनी सासूबाईंना नमस्कार केला, कागदावर शाईच्या अंगठ्याचा ठसा घेतला, स्वतः सही केली आणि साक्षीदार म्हणून शेजाऱ्यांची सही घेतली. हे सारे दहा मिनिटांत आटोपले. सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराला स्वतःच्या खात्यातून पैसे काढायचे असले, तरीही बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो, हे त्यांनीच सांगितले. पहिल्या दिवशी ते कोणी सांगितले असते तर सासूबाईंना त्या खिडकीसमोर उभे करावे लागले नसते.

आधीच लिहायला हवी होती अशी एक गोष्ट राहिली. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना वयाच्या 80 वर्षांनंतर 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या गर्दीची वाट पाहू नये. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. आणि ज्यांच्या घरी हा आजार नुकताच कळला आहे, त्यांनी रुग्णाची सही शाबूत आहे तोवर बँकेतील नामनिर्देशन आणि इच्छापत्र यांसाठी एक दिवस काढावा. आम्ही निदानानंतरची पहिली दोन वर्षे औषधांच्या विचारात घालवली.

जानेवारीअखेर थकबाकीसह रक्कम जमा झाली आणि मावशींचा राहिलेला पगार देता आला. अधिकारी निघताना सासूबाईंनी त्यांचा हात धरून ‘भुसावळहून आलात का?’ असे विचारले होते. त्यांनी ‘हो’ म्हटले, आणि सासूबाई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत शांत होत्या.