बॅटरीवर पाळत, जळाला कनेक्टर

यंदा उन्हाळाभर इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीच्या तापमानाची वही ठेवायची असं ठरवलं होतं. ठेवली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, मधले सहा दिवस सोडून (दोन लग्नं आणि एक पंढरपूर).

नवीन मंडळींसाठी गाडीची कुंडली. २०२१ ची, सेकंडहँड. ६० व्होल्टची, काढता येणारी बॅटरी. आत एनएमसी (लिथियम-आयनचाच एक प्रकार) सेल, सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या, १७, क्षमता २६ अँपिअर-अवर. पूर्ण भरली की ७१.४ व्होल्ट दाखवते आणि दीड युनिटपेक्षा थोडी जास्त वीज पोटात ठेवते. रोजचा रस्ता जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, जाता-येता आसऱ्याचा पूल.

२०२१ हे साल मुद्दाम सांगितलं. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात भर रस्त्यात पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्या उन्हाळ्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरीचं मानक कडक झालं, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२, दुसरा ३१ मार्च २०२३. एक सेल पेटली तर आग सगळ्या पॅकभर पसरते का, ही चाचणी दुसऱ्या टप्प्यात आली. माझी गाडी त्याआधीची. म्हणजे माझ्या पॅकची ही परीक्षा झालेली नाही, हे धरूनच मी वागतो. आई तर अजूनही बॅटरीला 'तो बॉम्ब' म्हणते.

मोजायला आधी कोविडमधली कपाळाची बंदूक काढली. ती ४२ च्या वर 'हाय' एवढंच दाखवते. एप्रिलमधल्या सोलापुरात तिने भिंतीलाही 'हाय' म्हटलं. मग वायरच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर आणले. एक सेन्सर बॅटरीच्या कवचाला चिकटवला, दुसरा डिकीत मोकळा सोडला.

एप्रिलचं सार असं. कारखान्यात पत्र्याच्या शेडखाली दिवसभर उभी राहिलेली गाडी संध्याकाळी साडेपाचला घरी आणली की कवच ४७ अंश. तीच गाडी कुंपणालगतच्या लिंबाखाली लावली तर ४२. पाच अंश फुकट मिळाले, फक्त पक्ष्यांची शिट पुसावी लागते. लिथियम-आयन सेल चार्ज करायची नेहमीची वरची मर्यादा ४५ अंश, आणि कवच ४७ असेल तर आतल्या सेल त्याहून गरम असणार. म्हणून माझा नियम: कवच ३८ च्या खाली आल्याशिवाय पिन लावायची नाही. पंख्यासमोर ठेवली तर दीड तास, नुसती ठेवली तर अडीच. घरी आल्या आल्या चार्जिंगला लावायची सवय मोडायला दोन आठवडे गेले. रोज शंभर टक्केही भरत नाही, ६८ व्होल्टला काढतो. महिन्यातून एकदा मात्र पूर्ण भरतो, कारण आमच्या बीएमएसचं (बॅटरीवर लक्ष ठेवणारं, गरज पडली तर तोडणारं आतलं सर्किट) सेल बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या सेल सारख्या पातळीवर आणणं, भरत आल्यावरच चालू होतं.

मध्येच एक प्रकार झाला. शेजारचे काका त्यांचा चार्जर घेऊन आले, 'तुझा बिघडला तर हा वापर, पिन सेम आहे.' पिन खरंच सेम. पण त्यांची गाडी लेड-ॲसिडवाली, पाच बॅटऱ्यांची. चार्जरला मीटर लावला तर ७३.५ व्होल्ट. माझ्या १७ सेलमध्ये वाटले तर प्रत्येकीला ४.३२, आणि सेल जास्तीत जास्त ४.२ ची. बीएमएसने वेळेत तोडलं असतं बहुधा. पण बीएमएस शेवटचा रखवालदार आहे, त्याला रोज कामाला लावायचं नसतं. काकांना चहा पाजून चार्जर परत दिला आणि माझ्या चार्जरवर रंगाने मोठ्ठं '७१.४' लिहिलं.

आता मे. नऊ तारखेला सीट उघडली आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. थर्मामीटर मात्र ४४ दाखवत होता, नेहमीसारखाच. बॅटरी काढायला गेलो तर तिला गाडीच्या वायरिंगशी जोडणारा कनेक्टर निघेना. लाल बाजू वितळून एकमेकांत बसली होती.

अशोक चौकाकडचे आमचे अण्णा वायरिंगमध्ये मुरलेले. त्यांनी पक्कडीने ओढून दोन्ही अर्धे सुटे केले. 'बॅटरीला काय झालं नाही ओ सर. हे बघा, पिनला कार्बन धरलाय.'

मग त्यांच्या टेबलावर हिशोब केला. १२ व्होल्टची बॅटरी आणि हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब घेऊन त्या जळक्या जोडातून ५ अँपिअर सोडले. जोडाच्या दोन टोकांत ०.१ व्होल्टची घट, म्हणजे २० मिलीओहम रोध. ऐकायला काहीच नाही. पण आसऱ्याच्या पुलावर गाडी ३० अँपिअर ओढते. तीसचा वर्ग नऊशे, गुणिले ०.०२, म्हणजे १८ वॅट. छोटी सोल्डरिंग इस्त्री सीटखाली चालू ठेवल्यासारखं झालं.

हे कुणीच का पकडलं नाही, यावर मी दोन रात्री डोकं खाजवलं. फ्यूज उडत नाही, कारण करंट नेहमीचाच आहे. बीएमएसचा सेन्सर सेलजवळ, कनेक्टर त्याच्यापासून वीतभर लांब. माझे दोन थर्मामीटरही चुकीच्या जागी. बॅटरी रोज काढून-घालून पिनेची स्प्रिंग सैल होते, सैल झाली की तापते, तापली की आणखी सैल होते. आणि अशी वितळलेली लाल-काळी टोकं एकमेकांना टेकली तर थेट शॉर्ट. 'बॉम्ब'वर पाळत ठेवता ठेवता वात राहून गेली.

अण्णांचा पहिला सल्ला होता वायर पिळून टेप मारायचा. नको म्हटलं. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली, दोन्ही अर्धे एकाच कंपनीचे नवे घेतले, थिंबल (वायरच्या टोकाला बसणारं धातूचं टोक) पक्कडीने न चेपता क्रिम्पिंग टूलने दाबले. तोच बल्ब, तेच ५ अँपिअर: ०.००४ व्होल्ट. पुलावर आता पाऊण वॅटही नाही. डिकीतला सेन्सर कनेक्टरवर चिकटवला आहे. मेअखेरची नोंद: हवा ४१, कनेक्टर ४६.

चार्जिंगची जागाही बदलली. आधी जिन्याखाली चालायचं, म्हणजे पेटलं असतं तर घराबाहेर पडायची एकुलती एक वाटच गेली असती. आता मागच्या गॅलरीत, शहाबादी फरशीवर, आजूबाजूला ना पडदा ना चादर, आणि आम्ही जागे असतानाच. वाळूची बादली ठेवा असं काहीजण सांगतात. वाळूने सेल थंड होत नाहीत, त्याला भरपूर पाणी लागतं, आणि आमच्याकडे नळ काही दिवसांआड येतो. शिवाय धूर विषारी. तेव्हा घरच्यांना एवढंच शिकवलंय: धूर दिसला की दार ओढून घ्यायचं, खाली उतरायचं, १०१.

पॅक स्वतः उघडणार का, असं तिघांनी विचारलंय. नाही. ७० व्होल्ट डीसी आणि घसरणारा पाना, एवढी माझी हौस मोठी नाही.

काल पहिला पाऊस झाला. सीटखालचं रबर एका कोपऱ्यात फाटलेलं सापडलं, कनेक्टरच्या बरोब्बर वर. रविवारी तेच काम.