अमर्याद मंत्र चालतील, अमर्याद उजेड नको

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रे रंगवत खेळायच्या साहसखेळातील विझार्डला, म्हणजे जादूगाराला, त्याचे किरकोळ मंत्र, म्हणजे कॅन्ट्रिप, दिवसभरात हवे तितक्या वेळा वापरू द्यावेत का, यावर कोथरूडमधल्या आमच्या रविवारच्या बैठकीत अजूनही हिरिरीने वाद होतो. हल्ल्याचे मंत्र अमर्याद असण्याला माझी काहीच हरकत नाही. माझा आक्षेप आहे तो 'लाइट' या उजेड पाडणाऱ्या एका मंत्राला.

१९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक' या नियमपुस्तकानुसार पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाकाठी एकच मंत्र मिळे आणि तो खर्ची पडला की उरलेला दिवस त्याने खंजीर फेकत काढायचा. २००० सालच्या आवृत्तीत किरकोळ मंत्रही मोजूनच, पहिल्या पातळीला रोज तीन, मिळत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र कॅन्ट्रिपांवर कसलीच मर्यादा उरली नाही. यामुळे विझार्ड डोईजड झाला, असे जुने खेळाडू म्हणतात. पण हिशेब करून पाहा. फायर बोल्ट या हल्ल्याच्या कॅन्ट्रिपचे नुकसान दहा बाजूंच्या एका फाशाचे, म्हणजे सरासरी साडेपाच. त्याच विझार्डने हलका क्रॉसबो उचलला आणि चपळाईचे दोन गुण मिळवले, तर सरासरी साडेसहा भरते. म्हणजे पहिल्या पातळीवर या मंत्राने त्याचे बळ वाढत नाही, फक्त जादूगाराला जादूगारासारखे लढता येते, आणि ते मला मनापासून योग्य वाटते.

उजेडाचे तसे नाही. मशाल एका तांब्याच्या नाण्याला मिळते, तासभर जळते, वीस फूट लख्ख आणि पुढे वीस फूट अंधूक उजेड देते. पण ती धरायला एक हात अडकतो, त्यामुळे ढाल घ्यायची की मशाल, हे योद्ध्याला ठरवावेच लागते. लाइट मंत्र तेवढाच उजेड तेवढाच वेळ देतो, तोही ढालीवरच आणि फुकट. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर असतात तसे एक खांबटाके मी खेळासाठी मोठ्या हौसेने रचले होते: कातळात खोदलेले, खांबांमागे पाणी किती खोल आहे ते न दिसणारे. "लाइट आहे रे, चल पुढे," एवढे एक वाक्य झाले आणि त्या अंधाराची सगळी धास्ती संपली. (एल्फ आणि ड्वार्फ या वंशांच्या पात्रांना अंधारात दिसते हे खरे, पण नियमाप्रमाणे तेही अंधूकच.)

म्हणून आता आमच्याकडे लाइट हा पहिल्या पातळीचा मंत्र धरला जातो आणि त्यासाठी स्लॉट, म्हणजे दिवसाच्या मोजक्या मंत्रसंधींपैकी एक, खर्चावा लागतो. नव्या विझार्डकडे असे दोनच स्लॉट असतात, त्यामुळे उजेड की संरक्षण, याचा खल टेबलावर खरोखर होऊ लागला आहे आणि सामानाच्या यादीत मशाली पुन्हा दिसू लागल्या आहेत. क्लेरिकलाही, म्हणजे पुजारी पात्रालाही, हा मंत्र घेता येतो, तेव्हा नियम त्यालाही लागू आहे. फायर बोल्ट मात्र कितीही वेळा मारा.