ते सगळं स्क्रिप्टेड असतं ना?

लग्नात विचारतात, सोसायटीच्या गणपतीत विचारतात, एकदा तर डेंटिस्टने माझ्या तोंडात नळी घालून विचारलं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो. मी सहा वर्षं एका गाण्याच्या रिअॅलिटी शोचं एडिटिंग केलंय (कुठल्या चॅनलचं ते सोडा) आणि प्रश्न नेहमी हाच.

मुळात रिअॅलिटी शो म्हणायचं कशाला? होम मिनिस्टर 2004 पासून कित्येक वर्षं चाललं, आदेश भाऊजी खऱ्या घरात जायचे, खरी सासू, खरी सून, आणि पैठणी मिळाल्यावरचा तो चेहरा, त्याला कुणी रिअॅलिटी शो म्हटलं नाही आणि ते खरं का असंही कुणी विचारलं नाही. म्हणजे जिथे भांडण किंवा रडारड असते तिथेच आपल्याला संशय येतो, आणि बघतोही आपण तेच.

बिग बॉसचंच घ्या. मूळ कल्पना नेदरलँड्सची, 1999 मधली. हिंदीत 2006 ला आलं, मराठीत 2018 ला, सूत्रसंचालक महेश मांजरेकर होते आणि पहिल्या सीझनचं घर लोणावळ्याला होतं. तिथे डायलॉग पाठ करून घेतात असं लोकांना वाटतं, पण गरजच काय हो? फोन नाही, घड्याळ नाही, बाहेरची बातमी नाही, रेशन मोजून, वर टास्क आणि नॉमिनेशन. माझ्या सख्ख्या भावाला आणि मला असं कोंडलं ना, तर चौथ्या दिवशी अंड्यावरून हाणामारी होईल आणि ती शंभर टक्के खरी असेल. मग चोवीस तासांचं तासाभरात बसवायचं. उरलेले तेवीस तास तो माणूस भांडी घासत गाणी म्हणत असेल, ते कोण दाखवणार?

गाण्याच्या शोमध्ये आवाज खरा असतो, ते आधी सांगतो. लिटिल चॅम्प्सच्या 2008-09 च्या बॅचमधली कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर आजही गातायत, ते काय एडिटरच्या जिवावर होत नाही. आमची करामत गाण्याच्या आजूबाजूला. रिअॅक्शन शॉट म्हणजे समोर बसलेल्यांचे चेहरे, ते त्याच ओळीला दिलेले असतील असं अजिबात नाही.

आमच्याकडे सांगलीकडची एक मुलगी होती, अभंग गात होती. चांगलं झालं गाणं पण आई अगदी दगडासारखी बसलेली, टेन्शनमध्ये असणार बिचारी. प्रोड्युसर म्हणाला आईचं काहीतरी शोध. मी सकाळपासूनचं फुटेज चाळलं तर एका ठिकाणी ती मान वर करून बघत होती, डोळे मोठे, तोंड अर्धवट उघडं. का, तर डोक्यावरून जिमी जिब गेला होता, म्हणजे तो लांब दांड्यावरचा कॅमेरा, आणि तो आता अंगावर पडतो की काय असं तिला वाटलं असणार. तो शॉट मी तिसऱ्या अंतऱ्यावर टाकला, थोडा स्लो केला, खाली बासरी. आई देवाचे आभार मानतेय! आमच्या एडिट रूममधला चहावाला पोरगापण हळवा झाला.

एपिसोड लागल्यावर पुढच्या शूटला ती आई मुद्दाम येऊन भेटली. म्हणाली, "दादा, मला बाई आठवतच नव्हतं मी वर बघितलेलं, पण टीव्हीवर दिसलं तेव्हा कळलं, त्या वेळी विठ्ठलच मनात होता माझ्या." मी काय बोलणार? हो हो म्हटलं आणि हार्ड डिस्क घेऊन पळालो.

फिनालेला मुलगी परत अभंगच गायली. तिसऱ्या अंतऱ्याला आईने आपणहून मान वर केली. जिब तेव्हा स्टेजच्या पार दुसऱ्या टोकाला होता, मी फुटेज दोनदा तपासलं. तो शॉट जसाच्या तसा ठेवला, स्लोसुद्धा केला नाही.