जुनी मढी आणि एक तार

रविवार, रात्री उशिरा

'अ स्टडी इन स्कार्लेट' पुन्हा एकदा वाचून संपवलं. शेरलॉक होम्सची ही पहिली कादंबरी, १८८७ सालची. लेखक आर्थर कॉनन डॉयलला तिच्या सगळ्या हक्कांचे मिळून पंचवीस पौंड मिळाले होते. (पुढे शेवट फोडलाय. वाचायची राहिली असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.)

पहिला निम्मा भाग लंडनचा. ब्रिक्स्टन रोडजवळचं रिकामं घर, बुरशी लागून भिंतीचा कागद लोंबतोय, शेकोटीच्या कट्ट्यावर लाल मेणबत्तीचं थोटूक. तिथे ड्रेबर नावाच्या माणसाचं प्रेत. अंगावर एकही जखम नाही, तरी खोलीत रक्त सांडलेलं. प्रेत उचलताना एक अंगठी घरंगळते. बाईच्या बोटातली.

खुनी सापडतो तो घोडागाडीवाला, जेफरसन होप. सामान उचलायच्या निमित्ताने होम्स त्याला खोलीत बोलावतो, तो वाकला की हातकड्या खट्‌! पान उलटलं की एकदम १८४७. अमेरिकेतलं रखरखीत माळरान, तहानेने मरायला टेकलेला एक माणूस आणि एक लहान मुलगी. बायंडिंगवाल्याने भलत्याच पुस्तकाची पानं घुसडली की काय, असं वाटावं इतका तो सांधा उघडा आहे.

गंमत म्हणजे ही पाच प्रकरणं होम्सला लागतच नाहीत. त्याने क्लीव्हलंडला, म्हणजे ड्रेबरच्या अमेरिकेतल्या गावी, तार करून ड्रेबरच्या लग्नाबद्दल तेवढं विचारलं. उत्तर आलं: प्रेमातल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यापासून, म्हणजे होपपासून, ड्रेबरने पूर्वीच कायद्याचं संरक्षण मागितलं होतं. झालं, तपासापुरता भूतकाळ एवढाच.

मग जुनी मढी उकरली कुणासाठी? माझ्या मते आपल्यासाठी. तोवर आपण बिनदिक्कत होम्सच्या बाजूचे असतो. मग माळरानातल्या त्या मुलीचं, लूसीचं, घर दिसतं. तिने होपला सोडून मॉर्मन समाजाने (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) ठरवलेल्या स्थळाशी लग्न करावं म्हणून बापाला दिलेली मुदत, आणि उरलेल्या दिवसांचा आकडा रोज सकाळी घरात कुठेतरी उमटलेला. दारंखिडक्या बंद असताना एकदा तर थेट छतावर! पुढे बापाचा खून, लूसीचं ड्रेबरशी बळजबरीचं लग्न, महिन्याभरात तिचं झुरून मरणं. होप येतो, मयताच्या बोटातून अंगठी उपसतो आणि निघून जातो. तीच ही ब्रिक्स्टनची अंगठी, वीस वर्षांनी. ड्रेबरसमोर तो दोन गोळ्या धरतो, एक विषारी, एक साधी. तू एक घे, उरलेली मी खातो. अशा माणसाला नुसतं खुनी म्हणून मोकळं होता येत नाही. डॉयललाही त्याला फासावर चढवणं जमलं नसावं. खटल्याआधीच कोठडीत त्याच्या छातीतली फुगलेली रोहिणी फुटते.

मॉर्मन लोक मात्र सरसकट काळ्या रंगात रंगवलेत, ते खटकतंच. लिहिताना डॉयलने त्यांचं यूटा पाहिलेलंही नव्हतं. १९२३ साली तो सॉल्ट लेक सिटीत व्याख्यानाला गेला, तेव्हा त्याच लोकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं.

उद्यापासून होम्सची दुसरी कादंबरी. तिथला जुना गुन्हा आग्र्याच्या किल्ल्यातला, १८५७ च्या धामधुमीतला.