वहिनींचा लॅपटॉप
आज वहिनींबरोबर पोलिसात तक्रार नोंदवून आलो. सरवटे बस स्टँडवर त्यांची लॅपटॉपची बॅग चोरीला गेली. वहिनी इंदूरला करसल्लागार आहेत. क्लायंटचे पॅन, बँकेचे उतारे, सगळं त्यात. पण ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजमधली डिस्क एन्क्रिप्ट करायची, म्हणजे कुलूपबंद करायची सोय) चालू होतं, म्हणून जीव भांड्यात पडला.

नुसत्या लॉगिन पासवर्डवर विसंबू नका! डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली सरळ उघडतात. एन्क्रिप्ट केलेली असेल तर किल्लीशिवाय काहीच वाचता येत नाही. मॅकवर हेच काम फाइलव्हॉल्ट करतं. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की (अडचणीत डिस्क उघडायची राखीव किल्ली) मात्र बॅगेत ठेवायची नाही; वहिनींची घरच्या कपाटात आहे. आणि प्रवासाला निघताना लॅपटॉप स्लीपवर नको, पूर्ण बंद करा.

कुणाला जमत नसेल तर रविवारी घरी या, मी बसून लावून देईन.