बहिणीचे हक्कसोडपत्र आणि समाजशास्त्र

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात लिंगभाव आणि विषमता हे प्रकरण शिकवताना प्रकार्यवाद, मार्क्सवाद, आंतरक्रियावाद, स्त्रीवाद अशी क्रमवारी ठरलेली असते आणि विद्यार्थी प्रत्येकाचे तीन गुण व तीन दोष लिहून मोकळे होतात. सांगली जिल्ह्यात हा विषय शिकवणाऱ्याजवळ मात्र त्याहून चांगली कसोटी आहे. वाळवा, पलूस, मिरज या कृष्णाकाठच्या बागायती तालुक्यांत वडील वारल्यावर वारसनोंद होते, भावांबरोबर बहिणींचीही नावे सातबाऱ्यावर चढतात आणि काही काळाने त्यातल्या बऱ्याच बहिणी एक रुपयाही न घेता हक्कसोडपत्र करून देतात. कायदा तर त्यांच्याच बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता का होईना, वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद, म्हणजे मुलांच्या बरोबरीची वाटेकरी, म्हणून हक्क दिला; २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मानेच मिळतो हे स्पष्ट केले. तरीही ती सही का करते, या एका प्रश्नावर सगळे सिद्धांत घासून पाहावेत, असे मला वाटते.

टॅल्कट पार्सन्स आणि रॉबर्ट बेल्स या प्रकार्यवादी अभ्यासकांनी १९५५ मध्ये कुटुंबातील भूमिकांची जी विभागणी मांडली, तिच्यात पुरुषाकडे बाहेरच्या जगाशी व्यवहार करणारी साधनात्मक भूमिका येते आणि स्त्रीकडे नाती सांभाळणारी भावनात्मक भूमिका. या चष्म्यातून पाहिले तर हक्कसोडपत्र म्हणजे व्यवस्थेचा समतोल राखणारी तडजोड ठरते. जमिनीचे तुकडे होत नाहीत, भाऊ-बहिणीत कोर्टकचेरी होत नाही आणि कसणाऱ्याच्या हातीच रान राहते. गावातले जाणतेही हेच सांगतात: "दीड एकराचं काय वाटून घेणार?" मात्र त्याच दीड एकराचे चार भावांत चार भाग पडतात, तेव्हा तुकड्यांची काळजी कोणी बोलून दाखवत नाही. शांततेचा लाभ कोणाला झाला हे प्रकार्यवाद बरोबर सांगतो. तिची किंमत कोणी मोजली, हे तो विचारत नाही. माझ्या मते हा त्या सिद्धांताचा किरकोळ दोष नाही, त्याची मांडणीच त्या प्रश्नाला जागा ठेवत नाही.

मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने १८८४ मध्ये स्त्रीच्या दुय्यमत्वाचे मूळ खासगी मालमत्तेत आणि ती आपल्याच रक्ताच्या वारसाला देण्याच्या पुरुषाच्या गरजेत शोधले. हे उत्तर आपल्या सातबाऱ्याला पुष्कळ लागू पडते. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी बीज आणि क्षेत्र या भारतीय कल्पनेचा जो उलगडा केला, तो याला पूरकच आहे: बीज पुरुषाचे, स्त्री हे शेत, आणि पिकावर मालकी बीज पेरणाऱ्याची. अडचण एंगेल्सच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. स्त्रिया सार्वजनिक उत्पादनात उतरल्या की त्यांच्या मुक्तीची पहिली अट पूर्ण होईल, असे तो म्हणतो. आपल्याकडे हंगामात येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरली जाते. ती त्याच्या बरोबरीने ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रॉली भरते, पण मुकादमाकडची उचल बहुधा नवऱ्याच्याच हाती पडते आणि कोपीवर परतल्यावर चूल तिचीच असते. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ही कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे दिसले. केवळ श्रमाच्या बाजारात उतरण्याने ही दरी बुजत नाही.

कँडेस वेस्ट आणि डॉन झिमरमन यांच्या आंतरक्रियावादी वळणाच्या १९८७ च्या निबंधाकडे वळले की कागदावरून माणसांकडे लक्ष जाते. त्यांच्या मते लिंगभाव हा अंगी असलेला गुण नसून इतरांच्या नजरेसमोर सतत करून दाखवण्याची गोष्ट आहे, आणि ती नीट केली की नाही याचा हिशेब इतर लोक मागत असतात. हे पाहायचे असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाकावर तासभर बसावे. बहीण ठेवणीतली साडी नेसून आलेली असते. आपला नंबर लागला की ती कॅमेऱ्याकडे पाहते, यंत्रावर अंगठा ठेवते, विचारलेल्या प्रश्नाला "हो, माझ्या खुशीनं" म्हणते. बाहेर आल्यावर भाऊ चहा सांगतो, वहिनी ओटी भरते, आणि सोबत आलेला कोणीतरी चुलता सर्वांना ऐकू जाईल असे म्हणतो, "आमची आक्का पहिल्यापासूनच समजूतदार." समजूतदारपणाची ही पावती सर्वांसमोर मिळते, नकार दिलेल्या बहिणीलाही तिची पावती मिळतेच, फक्त भावकीतून आणि वेगळ्या शब्दांत. हा सिद्धांत त्या क्षणाचे वर्णन अचूक करतो. पण लोकांच्या नजरेला एवढे बळ कोठून येते, हे त्याला सांगता येत नाही.

ते बळ कशात आहे, याचे मला सर्वांत पटलेले उत्तर दोन स्त्रीवादी अभ्यासकांचे आहे. डेनिझ कांदियोती यांनी १९८८ मध्ये पितृसत्तेशी होणाऱ्या सौद्याची कल्पना मांडली: स्त्रिया दिलेल्या चौकटीतच स्वतःच्या सुरक्षिततेची जास्तीत जास्त तजवीज करत असतात. बीना अगरवाल यांनी १९९४ च्या ग्रंथात दक्षिण आशियातील जमिनीच्या संदर्भात हेच अधिक नेमकेपणाने दाखवले. बहिणी हिस्सा सोडतात तो आपला हक्क कळत नाही म्हणून नव्हे, तर सासरी काही बरेवाईट झाले तर माहेरचे दार उघडे राहावे म्हणून. आमच्या भागातील बायका हे कोणताही ग्रंथ न वाचता एका वाक्यात सांगतात: "चार दिवस टेकायला जागा राहू दे." भोळेपणा, संस्कार किंवा माया एवढ्यावर हा विषय संपवणाऱ्यांनी या वाक्यातला व्यवहार पाहावा.

हा सौदा किती कच्चा असतो, हे याच जिल्ह्यात उघड झाले आहे. वाळवा तालुक्यातील कासेगाव हे स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर आणि समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट यांच्या कामाचे ठिकाण. त्यांच्या पुढाकाराने सांगली-साताऱ्याकडे उभ्या राहिलेल्या स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा मागण्या होत्या स्वतंत्र रेशनकार्डाच्या आणि घरासाठी जागेच्या. नवऱ्याने टाकलेली बाई ज्या माहेरी परतते, तेथील हिस्सा तिने आधीच सोडलेला असतो आणि दार उघडायचे की नाही हे आता भावजयीच्या मर्जीवर असते. ज्यांच्या घरी सोडायला सातबाराच नाही, त्या भूमिहीन दलित स्त्रियांचे काय, हा समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांच्या दलित स्त्रियांविषयीच्या १९९८ च्या मांडणीतून उभा राहणारा प्रश्न तर वरच्या सगळ्या चर्चेला छेद देऊन जातो; जात बाजूला ठेवून लिंगभावाचा कोणताही सिद्धांत इथे पुरा पडत नाही.

सौदाच असेल, तर अटी बदलल्या की तोही बदलायला हवा, आणि अगरवाल यांची मांडणी मला अधिक खरी वाटते ती याच जागी. रत्नागिरी-नागपूर महामार्गासारख्या कामासाठी भूसंपादन होते आणि रानाच्या जागी मोबदल्याची रक्कम येते, तेव्हा हक्कसोडपत्राला तयार असलेल्या बहिणीही संमतीच्या कागदावर सही करण्याआधी थांबतात आणि हिश्श्याचा धनादेश आपल्या नावे काढा म्हणतात. संस्कार तेच, भाऊ तोच, लोकांची नजरही तीच. फरक एवढाच की पैसे बँकेत आपल्या नावावर ठेवता येतात, आणि ते मिळवण्यासाठी भावाच्या बांधावर जाऊन भांडावे लागत नाही.