सात सहस्रांश विकला

आज पुन्हा हबल दुर्बिणीच्या नेमासंबंधी वाचत बसलो. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक विकला होते. चित्र टिपले जात असताना ही दुर्बीण ०.००७ विकलेपेक्षा जास्त ढळू नये अशी तिची रचना आहे. अवकाशात वारा नाही, वातावरण नाही, पायाखाली थरथरणारी जमीन नाही, तेव्हा नेम चुकण्याचे कारणच उरत नसेल, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. ती समजूत आज वहीत गणित मांडताना मोडली.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि प्रकाश सुमारे ३ लाख. एवढ्या गुणोत्तरानेही, पावसात धावताना सरी समोरून येतात तसा, तारा गतीच्या दिशेने जास्तीत जास्त २०.५ विकला सरकलेला दिसतो. हे सरकणे वर्षभरात सावकाश बदलते. हबल मात्र पृथ्वीभोवती सेकंदाला साधारण ७.५ किलोमीटर वेगाने फिरते, त्यामुळे त्यात आणखी सुमारे ५ विकलांची भर पडते, आणि तिची दिशा ९५ मिनिटांच्या फेरीत निम्म्या वाटेवर उलटते. मुभा सात सहस्रांशांची आणि सरक तिच्या सातशेपट! म्हणजे स्थिर म्हणवणारी ही दुर्बीण नेम राखण्यासाठी सतत वळत असते.

ही चूक निदान आधी मोजता येते. पण ज्याच्या आधारे दुर्बीण नेम धरते त्या मार्गदर्शक ताऱ्याचे यादीतले स्थानच चुकीचे असेल, तर चित्र रेखीव येते, पण भलत्याच जागेचे. अचूकता आणि स्थिरता यांतला हा फरक मी आजवर गाळतच आलो होतो. खरी खोड यंत्राच्या अंगात असते. दुर्बीण किती वळली ते मोजणारे गायरोस्कोप हळूहळू भरकटतात. १९९० साली हबलसोबत गेलेले सौरपंख सावलीतून उन्हात येताना तापून वाकत आणि सगळी दुर्बीण थरथरे; ते १९९३ मध्ये बदलावे लागले.

केप्लर या दुसऱ्या अवकाश दुर्बिणीची कथा मात्र मी दोनदा वाचली. यान वळवणाऱ्या चार चक्रांपैकी दुसरेही मे २०१३ मध्ये निकामी झाले, तेव्हा एरवी नेम ढळवणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या दाबालाच अभियंत्यांनी टेकू बनवले. तो तोल पुरता साधत नसे. यान किंचित कलंडत जाई, दर सहा तासांच्या सुमारास छोटी इंजिने चालवून ते सरळ करावे लागे, आणि ताऱ्यांच्या तेजाच्या नोंदींत त्या प्रत्येक झटक्याचा करवतीसारखा दाता उमटलेला दिसतो.